नाण्याचा पत्ता

(निडी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

जुन्या नाण्याला तीन किमती असतात. धातूची किंमत सराफ सांगतो, दुर्मीळपणाची लिलावात ठरते. तिसरी किंमत ते नाणे कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी सापडले याची. या तिसरीकडे सहसा कोणी फिरकत नाही आणि इतिहासाच्या कामाची तर तीच असते. जमिनीत पुरलेला खजिना हजार वर्षे सुखरूप राहतो. तो हरवतो सापडल्यानंतर, मुशीत पडल्यावर.

कोकणात सोन्याची खाण नाही, चांदीचीही नाही. तरी कुंडलिकेच्या आणि अंबेच्या खोऱ्यात घरोघर सोने-चांदी आहे, कारण ती समुद्रावरून आली. भारत दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली होती. चौल बंदराचा लौकिक, शिलाहार, बहामनी, निजामशाही, पोर्तुगीज ही परंपरा येथे बहुतेकांना पाठच असते. ती पुन्हा म्हणून दाखवण्यात अर्थ नाही.

परदेशी सोने कोकणात कसे मुरले, याचा पुरावा पुतळ्यांच्या माळेत दिसतो. व्हेनिसचा डुकॅट 1284 साली निघाला. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. त्याच्या एका बाजूला व्हेनिसचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून झेंड्याची काठी हाती घेतो आहे आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू उभा आहे. 1797 मध्ये व्हेनिसचे राज्य बुडेपर्यंत हा छाप जवळपास तसाच राहिला. अक्षर न वाचताही ओळखता येणारे नाणे व्यापाऱ्याला हवेच असते. इकडच्या लोकांनी त्यातल्या दोन आकृतींत राम-सीता पाहिली आणि सोनाराने नाण्याला कडी जोडून त्याची गळ्यातली पुतळी केली. पुढे सोनार स्वतःच पुतळ्या पाडू लागले. या नकलांवरची रोमन अक्षरे नुसत्या उभ्या रेघा होऊन बसली आहेत. संत मार्कची गौरीपुढे पूजा होते, हे व्हेनिसला कळले नाही ते बरेच झाले. (हशा)

लारीचे नशीब मात्र वाईट. चांदीची तार दुमडून, तिच्या दोन्ही अंगांवर ठसा मारून हे नाणे करीत. इराणच्या लार प्रांतातून आलेली ही पद्धत सतराव्या शतकात आदिलशाहीने दाभोळच्या व्यापारासाठी उचलली. ठसा तारेपेक्षा मोठा असल्याने लेखातली दोन-चार अक्षरेच उमटतात. मातीत सापडलेली लारी केसांच्या काट्यासारखी दिसते. नाणे म्हणून ती ओळखूच येत नाही. त्यामुळे ती थेट सराफाच्या तराजूत जाते आणि तिच्यासोबत त्या गावचा दाभोळशी असलेला व्यवहारही वितळतो.

याउलट उदाहरण जोगलटेंभीचे. नाशिक जिल्ह्यातील या गावी 1906 साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी क्षहरात राजा नहपान याची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. राजाच्या मुखवट्यावर तीन कमानींचा डोंगर, मागे उज्जैन चिन्ह. असे एक नाणे बाजारात मिळाले असते तर ते कुतूहल ठरले असते. एका जागी इतकी नाणी मिळाल्यामुळे विजेत्याने हरलेल्याचे चलन न वितळवता आपल्या नावाने फिरते ठेवले, हे सिद्ध झाले. नाशिकच्या लेण्यातील लेख गौतमीपुत्राला क्षहरातांचा उच्छेद करणारा म्हणतो. त्या प्रशस्तीला या साठ्याने साक्ष दिली. साठा वाटला गेला असता, तर ही साक्ष मिळाली नसती.

रायगड जिल्ह्यात नाण्यांचा विषय निघाला की गाडी शिवराई होनावर येतेच. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात, 1674 च्या सुमारास, पाडलेल्या या सोन्याच्या नाण्याचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तांब्याच्या शिवराया मात्र इतक्या निघाल्या की जस्टिन अॅबट या मिशनऱ्याला हजारो नाणी तपासता आली. राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या तहात मुंबईच्या इंग्रजी नाण्याला स्वराज्यात मान्यता मिळावी, असे कलम होते. वजन आणि कस इतरांच्या नाण्यांइतका असेल तर मनाई नाही, पण रयतेला तोट्यात नाणे घ्यायला लावणार नाही, असा महाराजांचा पवित्रा होता. टाकसाळीचे मर्म यात आले.

आता बत्तीस मण सोन्याचे सिंहासन. सभासद बखरीत हा आकडा आहे आणि रायगडाच्या पोटात, गंगासागराच्या तळाशी, भुयारात, जिथे सुचेल तिथे लोक ते शोधतात. मणाची मापे प्रांतागणिक निराळी होती. तरी 37 किलोंचा मण धरला तर बत्तीस मण म्हणजे सुमारे 1,200 किलो. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असल्याने हे सगळे सोने वितळवल्यास जेमतेम चाळीस सेंटीमीटर बाजूच्या ठोकळ्यात मावते. वीस-वीस किलोंचे ओझे केले तर साठ हमाल ते एका खेपेत गडाखाली आणतील. त्याला भुयार लागत नाही. (हशा) 1689 मध्ये गड मोगलांकडे गेला. सोन्याचे तुकडे करून ते चलनात घालणे ही जेत्यांची जुनी रीत, त्यामुळे सिंहासन शोधायचे तर ते अनेकांच्या दागिन्यांत विरघळलेले सापडेल. यात महाराजांच्या वैभवाला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. पुढच्या रांगेतील चेहरे पाहता हे स्पष्ट करणे बरे. बखरकार वैभव सांगतो, फडणिसाचा जमाखर्च मांडत नाही. राज्याभिषेकाचा खर्च तो एक कोटी बेचाळीस लक्ष होन देतो. ते सगळे सोन्याचे मानले तर अडतीस टनांवर जातात.

घड्याळाकडे बोट झाल्याने मोगल रुपये आणि पोर्तुगीज नाणी गाळावी लागतात. राणीछाप रुपयाचेही थोडक्यात: 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि लोकांनी जुने रुपये गाडग्यांत घातले. त्यानंतर तीन वर्षांनी रिझर्व्ह बँकेची सूत्रे रोह्याच्या सी. डी. देशमुखांकडे आली. (टाळ्या)

नांगराला किंवा पायाच्या खोदकामात गाडगे लागले तर काय करावे, हे 1878 च्या निखात निधी कायद्यात आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दडवल्यास हिस्सा जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. मालकीचा दावा सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक जमीनमालकाला मिळतो. तोवर नाणी चिंचेने घासू नयेत. तांब्यावरचा हिरवा थर गेला की अक्षरेही जातात. गाडगेही फेकू नये, कारण त्याच्या घडणीवरून काळ कळतो. आणि भावाचाच प्रश्न असेल, तर सराफ मोडीत घट धरतो. सरकारने निधी ताब्यात घेतला तर कायद्याप्रमाणे धातूची पूर्ण किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.