पोलादी त्रिकोण : अमेरिकेत कायदे कोणासाठी होतात?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या राजकारणाविषयी आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुधा अध्यक्षीय निवडणुकीचे वर्णन. रिपब्लिकन जिंकले की डेमोक्रॅट, एवढ्यावर चर्चा आटोपते. परंतु तोफा कोणाकडून घ्यायच्या, औषधाला किती दाम मोजायचा, हे प्रश्न निवडणुकीच्या गाजावाजात क्वचितच सुटतात. ते जिथे सुटतात त्या व्यवस्थेला तेथील राज्यशास्त्रज्ञांनीच नाव दिले आहे : 'पोलादी त्रिकोण'.

या त्रिकोणाचा पहिला कोन म्हणजे काँग्रेसची, अर्थात अमेरिकन संसदेची, त्या त्या विषयाची समिती. दुसरा कोन म्हणजे त्या विषयाचे सरकारी खाते. तिसरा कोन म्हणजे त्या धंद्यातील कंपन्यांची संघटना. समिती खात्याला निधी व अधिकार देते. खाते कंपन्यांना कंत्राटे आणि सोयीचे नियम देते. कंपन्या समितीच्या सभासदांना निवडणूक निधी पुरवतात. शिवाय तिन्ही कोनांतील माणसे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात असतात. बाहेर उरतो तो कर भरणारा आणि किंमत मोजणारा सामान्य माणूस. १७ जानेवारी १९६१ रोजी अध्यक्षपद सोडताना आयझेनहॉवर यांनी लष्कर व उद्योग यांच्या युतीबद्दल देशाला इशारा दिला होता. स्वतः सेनापती राहिलेल्या रिपब्लिकन अध्यक्षाने तो द्यावा, यातच परिस्थितीचे गांभीर्य दिसते.

आज मी उदाहरण घेणार आहे ते औषधांचे.

मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ साली सुरू झालेली सरकारी आरोग्यविमा योजना. रुग्णाने घरी घ्यावयाच्या औषधांचा खर्च तीत बहुतांशी नव्हता. वृद्धांची ती मागणी जुनी होती आणि न्याय्य होती. २००३ साली ती मान्य करणारे विधेयक आले, पण त्यात एक कलम होते : औषधांच्या किमतींबाबत कंपन्यांशी घासाघीस करण्यास सरकारला मनाई. माजी सैनिकांचे खाते कंपन्यांशी घासाघीस करून स्वस्तात औषधे घेत होते. मेडिकेअरसारख्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे हात मात्र कायद्यानेच बांधण्यात आले.

आता तिन्ही कोन पाहा. विधेयक पुढे नेणाऱ्यांत अग्रभागी होते लुइझियानाचे बिली टॉझिन, प्रतिनिधिगृहाच्या संबंधित समितीचे अध्यक्ष. मेडिकेअर चालवणाऱ्या खात्याचे प्रमुख होते टॉमस स्कली. विधेयकाची बोलणी चालू असतानाच बाहेरच्या नोकरीची बोलणी करण्याची खास परवानगी त्यांना मिळालेली होती. खात्याचे मुख्य विमागणिती रिचर्ड फॉस्टर यांचा खर्चाचा अंदाज सरकारी आकड्यापेक्षा बराच मोठा होता. तो काँग्रेसला दिलात तर नोकरी जाईल, अशी धमकी स्कली यांनी त्यांना दिली. काँग्रेससमोर दहा वर्षांचा खर्च ३९५ अब्ज डॉलर असा ठेवण्यात आला. कायदा झाल्यावर, जानेवारी २००४ मध्ये, सरकारनेच तो ५३४ अब्ज असल्याचे जाहीर केले.

२२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे प्रतिनिधिगृहात मतदान झाले. अशा मतदानाला साधारणतः १५ मिनिटे पुरतात. या वेळी बहुमत जमेपर्यंत ते जवळजवळ तीन तास चालू ठेवले गेले. निकाल लागला २२० विरुद्ध २१५. पुढच्याच महिन्यात स्कली खात्यातून बाहेर पडून आरोग्य क्षेत्रातील कंपन्यांचे काम पाहणाऱ्या एका वकील संस्थेत गेले. टॉझिन २००५ च्या जानेवारीत औषध कंपन्यांच्या 'फार्मा' या संघटनेचे अध्यक्ष झाले.

या प्रकरणाने तेथे गवगवा झाला, चौकश्या झाल्या, फॉस्टर यांच्यावरील दडपणावर ठपकाही ठेवला गेला. पण कायदा तसाच राहिला. मुद्दा हा आहे, कॉम्रेड्स. घासाघीस-बंदीसाठी कोणाला लाचेचे पाकीट देण्याची गरजच पडली नाही. निवडणूक निधी कायदेशीर, नोकरी कायदेशीर, परवानगीही कायदेशीर. लोकशाही प्रजासत्ताकात संपत्ती आपली सत्ता आडमार्गाने, पण अधिकच खात्रीने चालवते, हे एंगेल्सने १८८४ मध्ये मांडले, तेव्हा उदाहरणासाठी त्याने अमेरिकेकडेच बोट दाखवले होते. चार भ्रष्ट माणसे हाकलून ही व्यवस्था बदलत नाही, कारण ती माणसांच्या भ्रष्टतेवर उभीच नाही.

मग ती अभेद्य आहे काय? पोलादी हा शब्द ऐकून तसे मानणे चूक ठरेल. २००३ साली निवृत्तांची 'एएआरपी' ही लक्षावधी सभासदांची संघटना त्या विधेयकाच्या बाजूने उभी राहिली होती. अनेक सभासदांनी निषेधार्थ तिचा राजीनामा दिला. पुढे याच संघटनेला किमती कमी करण्यासाठी मोहीम चालवावी लागली. रुग्णांचे गट आणि कामगार संघटनाही त्यात होत्या. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये नवा कायदा झाला. सिनेटमध्ये मते ५०-५० अशी समसमान पडली आणि उपाध्यक्षांच्या मताने तो तरला. निवडक औषधांबाबत घासाघीस करण्याचा अधिकार मेडिकेअरला मिळाला. कंपन्यांनी कोर्टात धाव घेतली. तरीही पहिल्या १० औषधांच्या ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. एका कलमासाठी १९ वर्षे आणि त्याच्या अंमलासाठी आणखी तीन!

या विजयाच्या मर्यादाही ध्यानात घ्या. गोळीच्या स्वरूपातील औषधाला परवानगी मिळून किमान सात वर्षे झाल्याखेरीज ते निवडताच येत नाही, आणि ठरलेला भाव त्यानंतर दोन वर्षांनी लागू होतो. २०२५ साली दुर्मिळ रोगांवरील औषधांची सूट आणखी रुंद करण्यात आली. त्रिकोण वाकला, तुटला नाही.

याचा आपल्याशी संबंध आहे. तीच 'फार्मा' संघटना अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाला भारताविरुद्ध निवेदने देत आली आहे, आणि ते कार्यालय आपल्या 'विशेष ३०१' अहवालात भारताला वर्षानुवर्षे 'प्राधान्य निगराणी यादी'त ठेवत आले आहे. आक्षेपाचे मुख्य कारण आहे आपल्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड). जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मिळवण्यास ते अटकाव करते. २००५ साली ते कायद्यात आले त्यामागे डाव्या पक्षांचा संसदेतील आग्रह होता. त्याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील औषधासाठी नोव्हार्टिस या स्विस कंपनीने केलेला पेटंटचा दावा फेटाळला.

म्हणून कोणताही कायदा अभ्यासताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या. मसुदा कोणाच्या सल्ल्याने झाला? अंमल करणारा अधिकारी उद्या कोणाच्या पगारावर असेल? आणि ज्याच्या खिशातून पैसा जाणार आहे, तो त्या खोलीत होता काय? तो नसेल, तर त्याला संघटित करून तेथे पोहोचवणे हे आपले काम आहे.