दगडांची जमीन आणि आपली भाजी



मॉरिशसच्या उसाच्या शेतांत दगडांचे ढीग अजून उभे आहेत. आपल्या पणजोबांच्या पिढीने ते हातांनी वेचले. तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, ज्वालामुखीचा. रत्नागिरीकडचा जांभाही त्याच जातीच्या दगडाचा. त्यामुळे इथली तांबडी माती त्यांना अगदीच परकी वाटली नसावी.

या दगडात क्रोमियम आणि निकेल मुळातच जास्त. माती तपासली, आकडा मोठा आला, की लोक घाबरून परसातली भाजी सोडतात. पण मातीत आहे ते सगळे भाजीत उतरत नाही. क्रोमियम लोहाच्या खनिजांत घट्ट अडकलेले असते. झाडाने थोडे ओढले तरी बहुतेक मुळातच राहते. मला खरी काळजी कॅडमियमची वाटते. ते फॉस्फेट खतातूनही येते आणि आंबट मातीत सहज सुटे होते. क्युरपीपकडे पाऊस भरपूर, तिथे चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. पालेभाजी कॅडमियम अधिक घेते, म्हणजे आपला ब्रेद मालबार, माठ! दुधी-दोडक्यात ते कमी.

तेव्हा नुसता धातूचा आकडा विचारू नका, मातीचा सामू विचारा. तो ५.५ च्या खाली असेल तर चुना घाला, कुजलेले शेणखत घाला. जुन्या रंगाच्या भिंतीलगत किंवा वाहत्या रस्त्याकडेला माठ लावू नका, तिथे शिसे असते. पाने तीन पाण्यांतून धुवा. शिसे बरेचसे वरच्या धुळीतच असते.