पोरगी बीए झाली, पुढं काय?

 

आज आम्ही बोलणार आहोत आपल्या पदवीधर लेकींबद्दल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा निकाल लागला की गावोगाव पेढे वाटले जातात. दोन महिने होत नाहीत तोच गल्लीतून विचारणा सुरू होते, "काय करायली तुमची पोरगी?" आई सांगते, "जागा निघाल्या की भरंल फॉर्म." दिवाळी होते, तुळशीचं लग्न लागतं आणि पाहुणे यायला लागतात. बघता बघता वर्ष सरतं. पोरगी हुशार असते, पण घरातून एक अर्जही बाहेर गेलेला नसतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की पदवीनंतरचं हे पहिलं वर्ष असं आपोआप जाऊ द्यायचं नाही. शेळी घ्यायची म्हटलं तरी आपण गटात बसून हिशोब मांडतो, हप्ता ठरवतो. लेकीच्या पहिल्या नोकरीचाही हिशोब तसाच मांडू या.

पहिली अडचण पगाराची. "एवढं शिकवलं आणि पगार नऊ हजार? त्यापेक्षा घरी बसलेली बरी," असं घरात म्हणतात. तर हिशोब करून बघा. धरून चला, परभणीत नोकरी लागली. तिघींनी मिळून खोली केली तर वाट्याला दीड हजार, जेवणाचे अडीच हजार, मोबाइल आणि येण्या-जाण्याचे हजार. झाले पाच हजार. चार हजार उरले. आणि पैशाहून मोठं म्हणजे, वर्षाने दुसरीकडे अर्ज करताना "अनुभव" या रकान्यात लिहायला काहीतरी असतं. हा रकाना कोरा असला की पुढची नोकरी अवघड होते.

थोडा इतिहास सांगतो. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेत वरचा नंबर आला, पण इंग्लंडला शिकायला जायची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायची नोकरी धरली, तीही मुलांच्या वर्गावर. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्या, कायदा शिकल्या, वकील झाल्या. पहिली नोकरी म्हणजे शेवटचा मुक्काम नव्हे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आता काम शोधायचं कुठं? जवळून सुरुवात करा. पतसंस्था, खाजगी शाळा, कॉम्प्युटर सेंटर, दवाखान्याचं नोंदणी टेबल, दुकानाचा हिशोब. अशा जागांची जाहिरात पेपरात येत नाही, जाऊन विचारावं लागतं. उमेदमध्ये बँक सखी, कृषी सखी अशी कामं असतात, त्याची चौकशी ग्रामसंघात करा. अंगणवाडी सेविकेसाठी बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी अशी अट असते, तिथं पदवीधर मुलगीही अर्ज करू शकते. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. वय १८ ते ३५, पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ११ महिने झाली. पण हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नाही, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायचं. नवे अर्ज घेतात का, हे परभणीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. महास्वयम संकेतस्थळावर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

दुसरी अडचण कागदांची. जागा निघते आणि शेवटच्या तारखेला सेतूवर पळापळ होते. म्हणून निकालाच्या महिन्यातच एक फाइल करा. दहावी, बारावी आणि पदवीची गुणपत्रकं, टीसी, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रीमिलेयर. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, तो विसरू नका. आधारवर आणि मार्कशीटवर नाव एकसारखं आहे का बघा. बँक खातं तिच्या नावाचं आणि मोबाइल नंबरही तिचाच. बापाचा किंवा भावाचा नंबर दिला की मुलाखतीचा फोन त्यांना येतो, ते रानात असतात आणि निरोप संध्याकाळी पोचतो.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मूळ कागद कुणाकडे ठेवायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. नियुक्तिपत्र मागायचं, पगार खात्यावर घ्यायचा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं २०१३ च्या कायद्याने महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती कोण आहे, हे विचारायला लाजू नका. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

काही मुली तलाठी, पोलीस अशा परीक्षांची तयारी करतात. जरूर करावी, सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. पण किती वर्षं तयारी करायची, हे घरात बसून आधीच ठरवा. आणि अर्धा दिवसाचं का होईना, काम सोबत चालू ठेवा.

आता गटाने काय करायचं? पहिला पगार महिना भरल्यावर येतो. त्याआधी खोलीचा ॲडव्हान्स, जेवण, दोन चांगले ड्रेस, असे आठ हजार तरी लागतात. पुष्कळ नोकऱ्या इथंच सुटतात. गटाने अंतर्गत कर्जातून एवढे पैसे दिले, तर उरलेल्या चार हजारांतून हजाराचा हप्ता आणि गटाचं व्याज ती सहज फेडते. घरूनच जा-ये करायची असेल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मुलाखतीला एकटी पाठवायला घरचे घाबरत असतील, तर गटातली एक ताई सोबत जाईल. आणि "पाहुणे बघायला येणार आहेत" असं निघालं, तर आईच्या बाजूने आपण दोघी-तिघी घरी जाऊन बसू. लग्न करू नका, असं आम्ही म्हणत नाही. सहा महिने पगार हातात घेऊन मग करू द्या, सासरी ती स्वतःच्या हिमतीवर बोलेल.

या महिन्याच्या बैठकीत वसुली झाली की एक पान काढा. गेल्या दोन वर्षांत आपल्या गावात किती मुली पदवीधर झाल्या आणि आज प्रत्येक जण काय करते, ते लिहा. ज्या नावापुढे "घरी" असं येईल, त्या नावापासून कामाला लागू या.