शेण थोडे, खत पुष्कळ



सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की प्रत्येक गावी एकच प्रश्न येतो: शेण आणावयाचे कोठून? गोठे रिकामे होत आहेत. उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात. इकडे जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटला की पाऊस पडूनही ओल टिकत नाही.

यावर पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच सर्वांचे नाडेपकाका, यांनी तोड काढली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके. हवा खेळावी म्हणून भिंतींना झरोके. त्यात सुमारे १,४०० किलो काडीकचरा, १,७५० किलो चाळलेली माती आणि शेण अवघे १०० किलो! शेण येथे केवळ विरजणापुरते. तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

हे ज्ञान फळ्यावर शिकवून येत नाही. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसविणारे सर अल्बर्ट हॉवर्डही शेतकऱ्यांकडूनच शिकले. १९२४ सालीच रुडॉल्फ स्टायनर यांच्या व्याख्यानांतून जर्मनीत उदयास आलेल्या बायोडायनॅमिक शेतीच्या शिंगखताविषयी मतभेद आहेत. तिचा कंपोस्टवरील भर मात्र सर्वांनी घेण्याजोगा आहे.

पंचायतीने विटा द्याव्यात, शिक्षकांनी शाळेच्या आवारात टाके बांधून घ्यावे. मुलांनी कुटार, पालापाचोळा तोलून भरावा, भेगा पडताच शेणमातीने लिंपाव्यात. टाके एका दिवसात, फार तर दोन दिवसांत, भरावयाचे असते. म्हणून साहित्य व दीड-दोन हजार लिटर पाणी आधीच जमवून ठेवावे.