तालीम, कसरत आणि खुराक

(पालक व विद्यार्थी यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलावयास सांगितले. विषय समुद्राएवढा आहे. त्यातले तांब्याभर पाणी घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे. अन्न तोडून शरीर झिजवणे आणि व्यायामाने शरीर घडवणे या दोन गोष्टींतील फरक, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा फरक न कळल्यामुळे आपल्या घरांतील चांगली मुले-मुली आज स्वतःचे नुकसान करून घेत आहेत.

राबोडी असो, मुंब्रा-कौसा असो, कल्याण किंवा डोंबिवली असो, चित्र सारखेच आहे. लग्न दोन महिन्यांवर आले की मुलगी रात्रीचे जेवण सोडते. कॉलेजातला मुलगा सकाळी नुसत्या चहावर लोकल पकडतो आणि दुपारी काकडी खाऊन राहतो. मैत्रिणीने आठ दिवसांत चार किलो उतरवले म्हणून दुसरी केवळ लिंबूपाण्यावर राहू लागते. आपण मोठी माणसे यात तेल ओततो. पाहुण्यांसमोर म्हणतो, ‘आमची पोरगी जरा अंगाने भरली आहे.’ आपण हे बोलून विसरतो, पण मुलगी विसरत नाही. ती काट्यावर उभी राहते आणि त्या काट्यालाच आपला परीक्षक मानते.

म्हणून आधी या काट्याची परीक्षा घेऊ. काटा फक्त वजन सांगतो. ते वजन कशाचे आहे, हे तो सांगत नाही. जेवण तोडल्यावर पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरते, त्यात पाण्याचा मोठा वाटा असतो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपला की पाणी जाते आणि काटा खाली येतो. पुढेही उपासमार चालू ठेवली, तर चरबीबरोबर स्नायूही जळू लागतात. घराला सरपण पुरेना म्हणून वासे काढून चुलीत घालावे, तसा हा प्रकार आहे.

हे मी मनाचे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे रोज सुमारे १६०० कॅलरींचे अन्न दिले. त्यांचे वजन साधारण चौथ्या हिश्श्याने घटले. पण शरीरही सावध झाले. विश्रांतीच्या वेळी होणारा ऊर्जेचा खर्च त्याने सुमारे ४० टक्क्यांनी खाली आणला. त्या तरुणांना सतत थंडी वाजे, ते चिडचिडे व उदास झाले, त्यांचे मन अन्नाखेरीज कशात रमेना. पोटभर अन्न मिळू लागल्यावर चरबी लवकर परतली आणि स्नायू मागे राहिले. लक्षात घ्या, हे १६०० कॅलरींवर घडले. आज आपली मुले याहून कमी खाऊन अभ्यासही करतात आणि लोकलच्या गर्दीत उभीही राहतात!

आता आपल्या महाराष्ट्रातील एक दाखला देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे एकच होता. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! काटा दोघांना एकच गुण देत होता, पण आतला माल निराळा होता. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांच्या अभ्यासातही डॉ. याज्ञिकांना हेच दिसले होते. ती बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. पण कमी होते ते मुख्यतः स्नायूंचे वजन, चरबी त्या मानाने टिकून होती.

याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. आपल्या लोकांत मुळातच स्नायूंची पुंजी लहान असते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असले की साखर रक्तातच फिरत राहते. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह होतो, त्याचे हे एक कारण आहे. मग अशा माणसाने उपाशी राहून उरलेले स्नायूही घालवावेत, यात कोणते शहाणपण? आपल्याला वजन घटवण्यापेक्षा ते बदलण्याची अधिक गरज आहे. चरबी थोडी कमी व्हावी आणि स्नायू वाढावेत.

हे कसे साधावे? त्यासाठी आपल्या बोलीतले तीन जुने शब्द पुरे आहेत : तालीम, कसरत आणि खुराक.

कुस्तीगिरांच्या व्यायामशाळेला मराठीत आपण तालीम म्हणतो. हा शब्द अरबीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. म्हणजे ज्या शब्दासाठी आपली ही संस्था उभी आहे, तोच शब्द महाराष्ट्राने आखाड्याला दिला! यातून एक धडा मिळतो. व्यायाम हा शिकावयाचा असतो, तोही टप्प्याटप्प्याने आणि जाणत्या वस्तादाच्या नजरेखाली. पहिलीतल्या मुलाला आपण मॅट्रिकचे गणित घालत नाही. तसेच पहिल्या दिवशी कोणी शेजाऱ्याएवढे वजन उचलू नये.

कसरत हाही अरबी शब्द. मुळात तो विपुलता, पुष्कळपणा सांगतो. एकच गोष्ट पुष्कळदा करावयाची, ती कसरत. स्नायू नेमके याच रीतीने वाढतात. सवयीपेक्षा थोडा अधिक भार पडला की तंतूंवर ताण येतो. मग विश्रांतीत आणि झोपेत शरीर त्यांची डागडुजी करून त्यांना थोडे अधिक मजबूत करते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मज्जातंतू कामाला लागल्यामुळे वाढते. आरशात फरक नंतर दिसतो. पुष्कळजण महिन्याभरात कंटाळून सोडतात, म्हणजे पीक उगवण्याच्या सुमारास शेत सोडून जातात.

यासाठी महागडी व्यायामशाळा हवीच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनत करावी आणि त्यांपैकी निदान तीन दिवस स्नायू व हाडे मजबूत करणारा व्यायाम असावा. घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीतही हे जमते. खुर्चीवर बसून उठणे, हीच पुढे बैठक होते. भिंतीला हात टेकून जोर काढावेत, मग ओट्याच्या कडेला आणि ताकद आल्यावर जमिनीवर. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या म्हणजे दोन डंबेल्स. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, असे दोन-तीन फेरे. एक दिवस कसरत, एक दिवस विसावा. सहज दहाच्या जागी बारा होऊ लागले की भार थोडा वाढवावा. इमारतीचा आणि स्टेशनच्या पुलाचा जिना तर फुकटचाच आहे. ज्यांना रीतसर शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी ठाण्याचे श्री मावळी मंडळ, कल्याणचे नमस्कार मंडळ, डोंबिवलीचा भोईर जिमखाना अशी नावे आपल्या भागात सर्वांच्या परिचयाची आहेत.

काही आया विचारतात, ‘मुलीने वजने उचलली तर ती पुरुषी दिसणार नाही का?’ नाही. तेवढे स्नायू फुगविणारे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात फार थोडे असते. तिला मिळते ती ताकद, ताठ पाठ आणि मजबूत हाडे. हाडांची ही शिल्लक तरुणपणीच जमा करावी लागते, कारण पाळी गेल्यानंतर ती वेगाने खर्च होऊ लागते. जी मुलगी अठराव्या वर्षी उपाशी राहते, ती साठाव्या वर्षीच्या आपल्या हाडांतून उसनवारी करते.

कोणी म्हणेल, आमची चणच लहान आहे. १९५२ साल आठवा. त्या वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, तेही ५७ किलोच्या गटात. त्याच वर्षी अवघी ४ फूट ११ इंच उंची असलेले बंगालचे मनोहर आइच ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले. ते पुढे शंभरी ओलांडून २०१६ साली वारले. चण लहान असली तरी ती घडवता येते.

तिसरा शब्द खुराक. पहिलवानाच्या जेवणाला आपल्याकडे खुराक म्हणतात, कारण त्याने काय सोडले यापेक्षा काय खाल्ले याचा हिशेब महत्त्वाचा. स्नायू प्रथिनांचे बनतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला सुमारे ४२ ग्रॅम. नियमित कसरत करणाऱ्याला थोडी अधिक लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, मूठभर फुटाण्यांत ६, वाटीभर घट्ट डाळीत ६-७ आणि १०० ग्रॅम मासळीत १८-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. आपल्या कोकणी घरांत मासळी, वाल, डाळ, अंडी यांची काही वाण नाही. वाण आहे ती वाटणीची. मोठा तुकडा मुलाच्या ताटात पडतो आणि आई व मुलगी रस्सा-भातावर उठतात. ही वाटणी आजपासून बदला. प्रथिने एकाच वेळी न खाता तिन्ही जेवणांत विभागावीत. भाकरी-भात सोडण्याचे कारण नाही. कमी करावयाचे असेल तर तळण, साखर आणि बाटलीबंद सरबते कमी करावीत. चरबी खरोखरच जास्त असेल, तर ती महिन्याला एक-दोन किलो या संथ गतीने उतरू द्यावी. तेव्हाही कसरत व प्रथिने चालू ठेवावीत, म्हणजे स्नायू बऱ्याच अंशी वाचतात.

रमजानचाही उल्लेख करतो. रोजा ही इबादत आहे. तिला वजन उतरवण्याची युक्ती करू नये. सहरी टाळून रोजा धरणे आणि इफ्तारला भज्यांच्या ताटावर तुटून पडणे, यात शरीराचे दोन्हीकडून नुकसान आहे. त्या महिन्यात कसरत हलकी ठेवावी आणि ती इफ्तारनंतर एक-दोन तासांनी करावी.

आता धोक्याची घंटा. उपासमारीला कंटाळलेला मुलगा कधीकधी व्यायामाकडे वळतो, पण घाई मात्र तीच घेऊन येतो. मग कोणीतरी त्याला गोळी देतो, कोणी सुई देतो. चरबी जाळणारी म्हणून चोरून विकली जाणारी डायनायट्रोफेनॉल ही रंग व स्फोटकांच्या धंद्यातली वस्तू आहे. अमेरिकेत १९३८ सालीच ती माणसांनी घेण्यास अयोग्य ठरली. ती शरीराला आतून तापवते आणि तिच्यावर उतारा नाही. ठाण्यातच २०१९ साली अशा गोळीने एका तरुण जीवाचा अंत झाला. स्टेरॉइडच्या सुयांनी हृदय, यकृत आणि संततिक्षमता यांची हानी होते. डब्यांतल्या पावडरींविषयी तर राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात सांगितले आहे की, स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांचे पूरक पदार्थ घेऊ नयेत. चांगले अन्न त्याला पुरेसे आहे.

पालकहो, आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. मुलगी सर्वांबरोबर जेवायचे टाळते, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन ओकते, पाळी बंद झाली आहे, केस गळत आहेत आणि काडीसारखी होऊनही स्वतःला जाडच म्हणते. हे नखरे नव्हेत. हा आजार आहे आणि तो जीवघेणा होऊ शकतो. मुलांनाही होतो. तिथे रागावू नका, ताबीज शोधत बसू नका. डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. अशा मुलाला कसरतही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. मधुमेह, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तरी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. शाळेचे पटांगण आणि एक खोली आठवड्यातून तीन दिवस तासभर कसरतीसाठी मोकळी ठेवा, आणि त्यांतली निम्मी वेळ मुलींसाठी, शिक्षिकेच्या देखरेखीखाली राखून ठेवा. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि आई-वडिलांना एवढेच सांगतो. आपले शरीर ही अमानत आहे, असे आपण मुलांना शिकवतो. अमानत झिजवून परत करावयाची नसते. आज घरी गेल्यावर मुलांना ‘किती किलो उतरले?’ हा प्रश्न विचारणे बंद करा. त्याऐवजी विचारा, ‘आज बैठका किती मारल्या, आणि जेवलीस का पोटभर?’

खुदा हाफिज.