मैदानावरील सेवा
(ज्युबिलीनिमित्त कळवण येथें धर्मग्रामवासीयांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाच्या गतकालाचा गौरव माझ्या आधींच्या वक्त्यांनीं यथायोग्य केला आहे. आम्ही आपणांपुढें एक लहानसा विषय ठेवणार आहों. पूर्वीं लोक ज्यांस मतिमंद म्हणत व आज ज्यांस बौद्धिक दिव्यांग म्हणतात, त्या खेळाडूंच्या सामन्यांत स्वयंसेवक म्हणून जाणें, हा तो विषय होय.

गेल्या हिवाळ्यांत आपल्या तरुणसंघांतील सहा जणांसह आम्ही पहाटेच्या एस. टी.नें नाशिकास गेलों. धांवण्याच्या शर्यतीच्या शेवटल्या रेषेवर उभें राहावें, येणाऱ्या खेळाडूस पाणी द्यावें व क्रमांक लिहिणाऱ्या बाईंकडे न्यावें, हें काम आम्हांकडे आलें. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा धापा टाकीत आला व त्यानें विचारलें, "फादर, माझा नंबर कितवा?" आम्हीं ममतेनें त्याच्या पाठीवरून हात फिरविला व म्हटलें, "बाळा, येथें सगळेच पहिले." तो रागावला. "नाय. दोघं माझ्या पुढं होते. मी तिसरा." एवढें बोलून तो आपण होऊन त्या बाईंकडे गेला. आम्हीं त्याला खोटें सांगितलें होतें. आम्हांस मात्र ती दया वाटली होती.

या सामन्यांची रीत समजून घेतली म्हणजे त्या मुलाचा राग किती न्याय्य होता हें कळतें. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या नियमांप्रमाणें प्रथम प्राथमिक फेरी होते व प्रत्येकाचा वेळ मोजला जातो. मग वय, स्त्री-पुरुष भेद व कुवत पाहून बरोबरीच्या खेळाडूंचे लहान गट पाडतात. म्हणून शर्यत खरी असते व तिसरा क्रमांक हा खराच तिसरा असतो. आठव्या वर्षापासून सामन्यांत उतरतां येतें. वरची वयोमर्यादा नाहीं.

या कार्याचा उगमही एका घरांतच आहे. अमेरिकेंतील युनिस केनेडी श्रायव्हर या कॅथोलिक बाईंची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. 1962 सालीं युनिसबाईंनीं आपल्या घराच्या आवारांत अशा मुलांचें उन्हाळी शिबिर भरविलें व प्रत्येक मुलाजवळ शक्यतों एक तरुण सोबती दिला. 20 जुलै 1968 रोजीं शिकागो येथें सुमारें 1000 खेळाडूंचे पहिले सामने झाले. 2023 सालीं बर्लिन येथील जागतिक सामन्यांत भारताच्या खेळाडूंनीं 202 पदकें मिळविलीं. त्यांत 76 सुवर्णपदकें होतीं. आपल्या नाशिकांतही रजनीताई लिमये यांनीं 1977 सालीं अशा मुलांसाठीं प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलें. त्यांच्याही कार्याचें मूळ आपल्या मुलाच्या संगोपनांत होतें.

आतां आमची स्वतःची चूक सांगतों. आपल्या धर्मग्रामांतील एका घरीं आम्ही दर वर्षीं आशीर्वाद देण्यास जातों. तेथें एक मुलगी आंतल्या खोलींत असते. "तिला कांहीं समजत नाहीं, फादर, ती आंतच बरी," असें तिचा बाप म्हणे, व आम्ही पवित्र पाणी शिंपडून पुढच्या घरीं जात असूं. सात वर्षें आम्हीं तिचें नांवही विचारलें नाहीं. बापास दोष कसा द्यावा? लोकांच्या हंसण्याला तो भीत होता. ती भीति घालविणें हें आमचें काम होतें. नाशिकाहून परतल्यावर आम्ही त्या घरीं गेलों व तिला तिचें नांव विचारलें. तिनें उशिरां, पण स्पष्ट सांगितलें.

तरुणांनो, या सेवेस विद्वत्ता लागत नाहीं, परंतु शिस्त लागते. खेळाडूशीं बोलतांना त्याच्याकडेच पाहून बोला. त्याच्या डोक्यावरून आईबापांशीं बोलूं नका. वाक्य लहान ठेवा व उत्तराची वाट पाहा. न विचारतां हात धरूं नका. घड्याळ प्रामाणिकपणें लावा. कळवळ्यापोटीं एक क्षणही कमी-जास्त लिहूं नका. हरलेल्यास हरूं द्या, रडूं द्या, आणि पुन्हा उभें राहूं द्या.

आणि वडीलधाऱ्यांनो, आपल्या घरांतील असें लेकरूं झांकून ठेवूं नका. दर रविवारीं मिस्सेनंतर चर्चच्या आवारांत तासभर खेळ घेण्याचें आम्हीं ठरविलें आहे. दिव्यांग व इतर मुलें एकाच संघांत खेळतील; जगांतही अशा मिश्र संघांची पद्धति आहे. गेल्या रविवारीं ती मुलगी आली. चेंडू तिनें दोनदांच फेंकला व मग ती बापाच्या मागें लपली. दुसऱ्या कोणाचें मूल आलें नाहीं. तथापि पुढल्या रविवारीं आम्ही पुन्हा चेंडू घेऊन तेथेंच उभे असूं.

ज्युबिलीच्या मिरवणुकींत आपण धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबाची मेणबत्ती नेणार आहों. ज्या घरांतून एक माणूस आंतच राहील, त्या घराची मेणबत्ती अर्धीच पेटली असें आम्ही समजूं. ईश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.