‘तमस’ मुलांच्या हाती द्यावी काय?





‘तमस’ या हिंदी कादंबरीचे लेखक भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे. १९४७ च्या मार्चमधील तेथील दंगल त्यांनी पाहिली होती. १९७० साली भिवंडीत दंगल झाली, त्यानंतर ते तेथे गेले. उजाड वस्ती पाहताना रावळपिंडी पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि त्यातून हे पुस्तक झाले. १९७५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कातडी कमावणाऱ्या नथ्थूला मुराद अली पाच रुपयांची नोट देतो आणि गुरांच्या डॉक्टरला हवे आहे असे सांगून डुक्कर मारून घेतो. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडते व शहर पेटते. शेवटी अमन कमिटीच्या बसमध्ये बसून शांततेच्या घोषणा देणारा कोण? तोच मुराद अली!

पालक म्हणतील, “खलनायक आपल्याच समाजाचा. असले पुस्तक आमच्या मुलांना कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण पुस्तक पुरते वाचावे. शहरातील मंडळी विनवण्या करतात, तरी इंग्रज डेप्युटी कमिशनर वेळेवर हलत नाही. हिंदू तरुणांच्या टोळीत कोवळ्या रणवीरला परीक्षा म्हणून कोंबडी मारावी लागते. पुढे त्याच टोळीतील एक पोरगा गरीब मुसलमान अत्तरवाल्याला सुरा मारतो. आणि राजो? ही खेड्यातील मुसलमान बाई जीव वाचवीत आलेल्या म्हाताऱ्या शीख जोडप्याला घरात घेते. तिच्या नवऱ्याने लुटून आणलेली ट्रंक त्यांचीच निघते. रात्री ती त्यांना गावाबाहेर पोचवते व त्यांचे दागिने परत करते.

मुराद अली आणि राजो एकाच कलम्याचे. लेखकाने दोष धर्माला दिलेला नाही. वेळ आली तेव्हा कोण कसा वागला, एवढेच दाखविले आहे.

विद्यार्थी मित्रहो, नथ्थूच्या मनात शंका होती, पण मुराद अलीपुढे त्याचे काही चालले नाही. मोठ्या माणसाने काम सांगितले तरी “हे कशासाठी?” असे विचारण्याची हिंमत शिक्षणाने दिली पाहिजे.

पालकहो, वरच्या वर्गांतील मुलांना हे पुस्तक जरूर द्या. मात्र आधी स्वतः वाचा आणि मग त्यांच्याशी बोला.